चौदा निनावी ओळी

गाबेस, १४ मार्च

प्रिय लमीन,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असणार. ते दोन दिवस टेबलावर तसंच पडू दिलं असशील असा माझा अंदाज आहे, कारण मीही तेच केलं असतं. मग उघडताना मनात म्हणाला असशील, बाईंना आता माझ्याकडून काय हवंय. रास्त आहे. जी बाई तीन वर्षांत एक ओळ लिहीत नाही ती एकाएकी इतकी पानं लिहिते, तेव्हा तिच्या पहिल्या पानावर विश्वास ठेवू नये. शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. या वेळी तेवढं करू नकोस. क्रमाने वाच, आणि वाटेल तिथे थांबून शंका घे.

आधी इकडचं सांगते. आई बरी आहे. गुडघे तिच्या ताब्यात नाहीत, जीभ आहे. अजून अधूनमधून विचारते, तो खजूरवाला कुठे गेला गं? मी सांगते, सूसला मोठ्या कंपनीत लागला. त्यावर ती म्हणते, मोठ्या कंपनीत गेलं की खजूर पाठवायला बंदी असते का? मी उठून चहा ठेवते. कॉलेजात यंदा माझ्याकडे दोनच वर्ग आहेत, त्यामुळे वेळ आहे, आणि वेळ असला की मी जुनी कपाटं उपसते हे तुला माहीत आहे.

आपली नौबा, आपला पाळ्यांचा प्रोग्रॅम, चालू आहे. आता त्रेसष्ट मरुद्यानांच्या पाण्याच्या पाळ्या तिच्यावर निघतात, इकडच्या, अल्जीरियातल्या, पार मोरोक्कोत आपल्यातल्या इद्दरच्या गावापर्यंत. कोणाची बाग, किती वाटा, पाटाचं दार कधी उघडायचं नि कधी लावायचं, हे अजूनही कागदावर छापून कॅफेच्या भिंतीला लागतं, आणि लोक अजूनही त्याच्याखाली उभे राहून शिव्या देतात. कोड सगळ्या जगाला उघडा आहे, कोणीही बदल सुचवावा, हेही तसंच. एक मात्र नवं आहे. सोबत नीट वर्णन नसेल तर कुठलाच बदल आता आत घेतला जात नाही. मी चार प्रश्नांचा एक नमुना करून ठेवलाय. काय बदललं, का बदललं, कसं तपासलं, आणि चौथा, यामुळे कोणाचं पाणी वाढेल नि कोणाचं कमी होईल. चौथा प्रश्न तू गेल्यानंतरच्या आठवड्यात घातला. तो कोणाला उद्देशून आहे हे सगळ्यांना कळलं होतं.

वर्णनं सुधारली. इतकी सुधारली की आता ती वाचताना माझा हात आखडतो. हल्ली निम्मी वर्णनं यंत्राकडून लिहून घेतलेली असतात. स्वच्छ, नम्र, चारही प्रश्नांची उत्तरं जागच्या जागी, आणि आत माणूस नाही. मागच्या महिन्यात एकाने लिहिलं होतं की बदल अत्यंत काळजीपूर्वक तपासला आहे. मी विचारलं, कुठल्या मरुद्यानाच्या यादीवर? दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं, ‘बाई, खरं सांगू का, चालवूनच पाहिला नाही.’ त्या एका ओळीत जेवढा माणूस होता तेवढा त्या पानभर मजकुरात नव्हता. मी त्याचा बदल परत पाठवला, पण त्याच्यावर रागावता आलं नाही. मला तू आठवलास.

तुझं पहिलं वर्णन मला पाठ आहे. ‘झालं.’ एवढंच. मी परत पाठवलं, काय झालं? तू लिहिलंस, ‘जे होत नव्हतं ते.’ पुन्हा परत पाठवलं तेव्हा उत्तर आलं, ‘कोड समोर आहे ना बाई, वाचता येतो की नाही?’ त्या दिवसापासून मी तुझ्यासाठी ‘बाई’ झाले, आणि मग सगळ्यांसाठीच. मी तुला तेव्हा एक लांबलचक पत्र लिहिलं होतं. कोड काय करतो ते कोडच सांगतो, का करतो ते फक्त माणूस सांगू शकतो. वर्णन अशा माणसासाठी लिहायचं जो दहा वर्षांनी येईल आणि ज्याला तुला विचारता येणार नाही. हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते डायरीतही उतरवून ठेवलं. परवा ते पान उघडलं आणि पटकन मिटलं.

तू शिकलास, आणि माझ्यापेक्षा पुढे गेलास. रमझानचा तो बदल आठवतो? इफ्तारच्या वेळी पाटावर कोणी नसतं, दार बदलायला माणूस पंधरा मिनिटं उशिरा येतो, तेवढं पाणी आधीच्या बागेला फुकट जातं, म्हणून त्या महिन्यात पाळ्यांच्या सीमा सूर्यास्तावर आणू नका, असं तू लिहिलं होतंस. शेवटी एक ओळ होती, ‘हे कोणी मान्य करणार नाही, कारण प्रत्येक जण वर्षातून कधीतरी तो आधीचा असतो.’ मी ते कॉलेजात वर्गाला वाचून दाखवलं होतं. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. विद्यार्थ्याचं कौतुक तोंडावर करू नये, असं मी स्वतःला सांगत होते. आता वाटतं, कौतुक नव्हतंच ते पुरतं. त्यात थोडा मत्सर होता.

मग तीन वर्षांपूर्वीचा तुझा बदल. तुमच्या ऐन रब्बू गावच्या तिसऱ्या पाटावरच्या शेवटच्या चौदा बागांचा वेळ वाढवा, कुठे चार मिनिटं, कुठे नऊ. वर्णन दीड पानांचं. मबारकामावशीच्या अर्ध्या तासाच्या पाळीतली सात मिनिटं कोरडीच जातात, कारण वरून सोडलेलं पाणी तिच्यापर्यंत चालत यायला तेवढा वेळ घेतं आणि घड्याळ मात्र दार उघडल्यापासून धावायला लागतं. तू चौदाही बागांपाशी उभा राहून मोजलं होतंस. त्या विधवा बाईची अकरा खजुरीची झाडं, त्यातली कुठली वाळतायत तेही लिहिलं होतंस, पुढून तिसरं आणि भिंतीकडची दोन. गावाच्या पाळ्यांच्या जुन्या वहीत या चालण्याचा वेळ नक्की धरलेला असणार, असंही. वाढीव मिनिटं वरच्या बागांकडून थोडी थोडी काढायची होती.

इतकं चांगलं वर्णन नौबात त्याआधी कोणी लिहिलं नव्हतं. मीही नाही. मी ते तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना मला संशय आला. संशयाला कारण लागतं असं लोकांना वाटतं. मला आधी संशय आला, कारण नंतर शोधलं. चौदा बागांच्या मालकांची नावं काढली. नववं नाव बशीर, तुझे सख्खे मामा. वर्णनात त्यांचा उल्लेख नव्हता. तेव्हा आमच्यात सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता, की विश्वास मिळवून मग आत भलतंच घुसवणारी माणसं असतात आणि ती फार सभ्य असतात. इद्दरने तुझ्या वर्णनाखाली लिहिलं, ‘जो आधी दाराला तेल घालून ठेवतो तो पाहुणा नसतो.’ लोकांनी हसण्याची चिन्हं टाकली. मीही टाकलं. ते अजून तिथेच आहे, काल पाहिलं.

मग मी सगळ्यांसमोर विचारलं, यातल्या किती बागा तुझ्या नात्यातल्या? तू लिहिलंस, ‘एक. मामांची.’ मी विचारलं, मग वर्णनात का नाही? तू लिहिलंस, ‘तेरा दुसऱ्यांच्या आहेत म्हणून.’ मग मी पुरावा मागितला. चालण्याचा वेळ जुन्या वहीत असेल तर आपण वहीवरून केलेल्या यादीत तो का नाही? यादीत तर फक्त नावं आणि त्यांची मिनिटं आहेत. तू म्हणालास, वहीचे फोटो पाठवतो. त्यावर मी जे लिहिलं ते तुला पाठ असेल. मलाही आहे.

‘वही कोणाच्या घरी असते, लमीन?’

वही बशीरमामांच्या घरी असते, त्यांच्या वडिलांपासून, हे मला माहीत होतं. म्हणूनच विचारलं.

तू दोन दिवसांनी तो बदल मागे घेतलास आणि नवा पाठवलास, काम करणाऱ्यांच्या यादीतून स्वतःचं नाव काढण्याचा. एक ओळ कमी. वर्णनाची जागा कोरी. मी तो तसाच आत घेतला. मनात म्हटलं, निर्दोष असता तर भांडला असता. ऐकायला नको वाटेल, पण तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे डायरीत आहे. नौबात नीट वर्णनाशिवाय आत आलेला तो एकच बदल, असं मी यंदाच्या जानेवारीपर्यंत समजत होते.

जानेवारीपासून मी जुने बदल उपसते आहे. ज्यांच्यावर नुसतं ‘दुरुस्ती’, ‘किरकोळ’, ‘पुन्हा तेच’ असं लिहिलंय, त्यांची नीट वर्णनं मागाहून का होईना लिहून ठेवायची, म्हणजे पुढे येणाऱ्याला वाट सापडेल. असे तीनशे बारा निघाले. सगळ्यांना हे काम फार थोर वाटलं. तुला खरं सांगते. सुरुवात केली तेव्हा मनात होतं की तुझ्या कामात कुठेतरी काहीतरी सापडेल. मला ते सापडायला हवं होतं. सापडलं असतं तर मी तीन वर्षं बरोबर ठरले असते. तुझे एकशे सात बदल मी ओळ न् ओळ वाचले. दोन चुका निघाल्या, आणि दोन्ही पुढच्या आठवड्यात तूच सुधारलेल्या. शेवटचा वाचून झाला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. चिडचिड झाली.

मग तुझ्या आधीचे बदल काढले. अकरा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतला एक होता, वर्णन एका शब्दाचं, ‘साफसफाई’. असल्या माणसाला काय म्हणावं, असं पुटपुटत मी नाव पाहिलं. माझं होतं.

आत चौदा ओळी, काढून टाकलेल्या म्हणून लाल. प्रत्येकीत नावाची जागा कोरी आणि पुढे मिनिटं. चार. सहा. सात. नऊ. सगळ्या ऐन रब्बूच्या, तिसऱ्या पाटाच्या, आणि प्रत्येक ओळ शेवटच्या चौदा बागांपैकी एकीच्या नावाच्या बरोबर आधी. मबारकामावशीच्या नावाआधी सात. आपल्या धंद्यात पुसलेलं खरं तर पुसलं जातच नाही, इतिहासात ते तसंच लाल पडून राहतं. पुसलं जातं ते कारण.

तू यायच्या पाच वर्षं आधीची गोष्ट. बशीरमामांनीच वहीच्या पानांचे फोटो पाठवले होते आणि माझ्या विद्यार्थ्यांनी ते टाइप केले होते. ते फोटो ज्या संगणकात होते तो केव्हाच भंगारात गेला. मी त्या ओळी का काढल्या ते काही केल्या आठवेना. दहा वर्षांनी येणारा आणि ज्याला विचारता येत नाही असा तो माणूस शेवटी मीच निघाले. माळ्यावरून डायऱ्या उतरवल्या. त्या तारखेला लिहिलंय: सर्दी. हरिसा चटणीच्या बरणीवरून आईशी वाद. आणि खाली, ‘ऐन रब्बूच्या यादीतल्या चौदा निनावी ओळी काढल्या, बहुधा मुलांनी चुकून दोनदा टाइप केल्या. आता यादी एका पानात बसते. छान दिसते.’

बहुधा. मामांना एक फोन केला असता तर भागलं असतं. पाळ्यांचं चक्र पुरं भरलंच पाहिजे, म्हणून त्या ओळींचा मोकळा झालेला वेळ प्रोग्रॅमने इमानाने सगळ्या बागांत वाटून टाकला, वरच्यांना अर्धं अर्धं मिनिट जास्त. अर्धं मिनिट जास्त मिळालं म्हणून कोण तक्रार करतं? खालच्या चौदा जणांनी केली, आणि ती आम्हाला भिंतीच्या कागदाखालच्या शिव्यांसारखी वाटली. मग तू आलास, सगळं मोजून दाखवलंस, आणि मी तुझ्याकडे पुरावा मागितला. जो मी स्वतः फेकून दिला होता, तोच.

यावरही मी संशय घेतला. हसशील. तुझे दीड पानातले चौदा आकडे आणि माझ्या चौदा लाल ओळी शेजारी शेजारी ठेवल्या. बारा तंतोतंत, दोनांत एकेका मिनिटाचा फरक. तर माझ्या मनात काय आलं असेल? की तू या जुन्या ओळी कुठूनतरी शोधून काढून आकडे जुळवले असशील. हा विचार आला नि गेला, तेवढा वेळ मी खरंच तो धरून बसले होते. तुला हे कळायची काही गरज नव्हती. पण ते गाळून लिहिलं असतं तर हेही पत्र साफसफाईच झालं असतं.

गेल्या गुरुवारी कोणाला न सांगता ऐन रब्बूला गेले. केबिलीपर्यंत एक भाड्याची गाडी, तिथून शॉटचं, त्या कोरड्या खाऱ्या सरोवराचं, मीठ ओलांडून दुसरी. तिकडे तुमचं कोण, असं ड्रायव्हरने तीनदा विचारलं. कोणी नाही म्हटल्यावर तो उरलेला रस्ता आरशातून माझ्याकडे बघत होता. मबारकामावशीच्या दारात मी सांगितलं की कॉलेजातून आलेय, पाण्याच्या पाळ्यांचा अभ्यास करते. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, ‘अभ्यास करणारे सगळे बूट घालून येतात. काढ ते.’

तिने भिंतीवरून तिच्या वडिलांचं गादूस उतरवलं, तळाला भोक पाडलेलं ते तांब्याचं भांडं. ते एकदा रिकामं झालं की पाच मिनिटं, हे मी पुस्तकात वाचलं होतं, हातात कधी धरलं नव्हतं. मी खिशातून फोन काढून त्यातलं घड्याळ दाखवलं. म्हणाली, ‘ते तुझं तुझ्याकडे राहू दे. ते कोणाचं ऐकतं ते मला माहीत नाही.’ वरच्या दाराशी गेलो. तिची पाळी लागली, दार उघडलं, तिने गादूस भरून दोरीने हातात धरलं आणि आम्ही दोघी पाटाच्या काठाने पाण्याच्या टोकाबरोबर चालायला लागलो. हे टोक तू पाहिलेलं आहेस, मी पाहिलं नव्हतं. ते पाणी नसतंच मुळी. आधी सुकी पानं, फेस, एखादा किडा, मग मागून ओल. खड्डा आला की थांबतं, तो भरतं, वाळू आपला वाटा पिते, मग पुन्हा सरकतं. मी बारा वर्षं पाण्याच्या पाळ्या सांभाळते आणि पाण्याबरोबर कधी चालले नव्हते. आमच्याकडे गाबेसला पाट बागेच्या अंगाला लागूनच असतो. भांडं एकदा रिकामं झालं, दुसऱ्यांदा अर्ध्यावर आलं, तेव्हा पाणी तिच्या बागेत शिरलं. माझ्या फोनवर सात मिनिटं वीस सेकंद.

मी विचारलं, मावशी, हा वेळ वहीत कोणाच्या नावावर असतो? ऊन कोणाच्या मालकीचं असं विचारल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली. ‘कोणाच्या नावावर कसा असेल? तो पाण्याचा वाटा. पाणी चालतं तेवढा वेळ पाण्याचाच. तिथे नाव लिहिलं की उद्या कोणीतरी तो विकेल. म्हणून कोरं सोडायचं.’

मालक नाही म्हणून मी ज्या ओळी कचरा समजले, त्यांना मालक असू नये असं कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी विचार करून ठरवलं होतं. आणि त्या माणसाने कारण लिहून ठेवलं नव्हतं, कारण ऐन रब्बूत ते लहान पोरालाही ठाऊक होतं.

फावड्याने पाणी वळवता वळवता मावशी बोलत होती. म्हणाली, गाबेसची कोणी शिकलेली बाई आहे. तिने आमच्या लमीनला जगासमोर विचारलं, वही कोणाच्या घरी असते. कोणीतरी ते कॅफेत मोठ्याने वाचून दाखवलं, त्याच भिंतीच्या कागदाखाली. बशीर तिथेच बसला होता. उठला, घरून वही आणली, टेबलावर ठेवली, म्हणाला आजपासून ही इथे. कोणी उघडून पाहिली नाही, बघणं म्हणजे त्याच्यावर शंका घेणं झालं असतं. आणि त्या उन्हाळ्यात बशीरने आपल्या पाळीचं पाणी घेतलं नाही. एकदाही नाही. भाच्याने मामाच्या बागेसाठी पाणी चोरलं असं कोणी म्हणू नये म्हणून तो त्याच्या दाराची फळी उचलायचाच नाही, पाणी समोरून पुढे जाऊ द्यायचा. सप्टेंबरपर्यंत त्याची एकोणीस झाडं गेली. हे सगळं तिने शेजाऱ्याच्या बकरीबद्दल सांगावं तसं सांगितलं. मी तिला माझं नाव सांगितलं नाही. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा दुसराच काहीतरी प्रश्न विचारला.

निघताना तिने खजुरांची पिशवी माझ्या हातात दिली. ‘आईला दे.’ मी आईबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आमच्याकडे तू पाठवायचास तो डबा तिच्याच बागेतला होता, हे मला तिथे, त्या दारात कळलं. म्हणाली, ‘गाबेसहून पाण्यामागे चालायला कोण येतं? एक तर वेडी, नाहीतर तू. जा, लिही आता, हेंदा. पण ज्याला विचारायचं राहिलं त्याला आधी विचार.’ आणि तुझा सूसचा पत्ता दिला. तुझा मेलचा पत्ता बंद आहे, हे मला माहीत आहे, कारण गेल्या महिन्यात मी दोनदा लिहून पाहिलं. बशीरमामांच्या गल्लीपर्यंत गेले होते. दार उघडं होतं, आत रेडिओ चालू होता. मी दार वाजवलं नाही. थकले होते असं स्वतःला सांगितलं. भ्याले होते.

आता शेवटचं पान, जे तू आधी वाचलं नसशील अशी आशा आहे. दुरुस्ती तयार आहे. चौदा ओळी परत, नावाची जागा कोरी, आणि ती कोरी का याची टीप शेजारी. वर्णनही लिहिलंय. काय बदललं: अकरा वर्षांपूर्वी मी काढून टाकलेला पाण्याचा वाटा परत ठेवला. का: तेव्हा मी कोणाला विचारलं नव्हतं. कसं तपासलं: एका बागेपर्यंत मी पाण्याबरोबर चालले, चौदा बागांवर लमीनने तीन वर्षांपूर्वी मोजलं होतं. चौथ्या प्रश्नापाशी अडकले आहे. कोणाचं पाणी वाढेल आणि कोणाचं कमी होईल ते लिहिता येतं. मामांनी जे घेतलंच नाही ते कुठे लिहायचं, आणि तुझं जे गेलं ते कशात मोजायचं, हे मला ठरवता येत नाही. ते ठरवायचा अधिकारही माझा नाही. माफी मी जिथे प्रश्न विचारला होता तिथेच, त्या हसण्याच्या चिन्हाच्या खाली, नाव घालून मागितली आहे. मामांकडे मी स्वतः जाईन, तुझ्या उत्तराची वाट न बघता. पण आपला नियम तुला आठवतो, स्वतःचा बदल कोणी स्वतः आत घ्यायचा नाही, दुसऱ्याने वाचल्याशिवाय नाही. इद्दर म्हणाला, तुझं वर्णन काय वाचायचं, आण इकडे, मी बटण दाबतो. मी त्याला हात लावू दिला नाही. उन्हाळी पाळ्यांची यादी एक मे रोजी छापायला जाते, आणि त्याआधी हे नीट वाचेल असा, त्या पाटावर उभा राहिलेला, आपल्यात एकच माणूस होता. परत ये असं मी म्हणत नाही. हा एकच बदल वाच. मी तुझा वाचला होता तसा वाच. नावं काढ, आकडे ताडून बघ, माझं यात कोण आहे ते विचार, एखादा शब्द जास्त गोड वाटला तर परत पाठव. चौथ्या प्रश्नापुढची जागा मी कोरी सोडली आहे. या वेळी विचार करून.

तुझीच,
हेंदा